चुलीवरचा हेलियम

सरांच्या पिशवीत नेहमी सायकलच्या जुन्या ट्यूबा असत. सर पेन विसरत, चष्मा विसरत, एकदा तर परीक्षेच्या पर्यवेक्षणाला यायचंच विसरले. पण खताच्या पोत्याची शिवलेली ती पिशवी आणि तिच्यातल्या ट्यूबा ते कधी विसरले नाहीत. परभणीच्या बसस्टँडजवळचा एक पंक्चरवाला त्यांना त्या कापून द्यायचा. हे गुरुजी कॉलेजात सायकल दुरुस्ती शिकवतात, अशी त्याची समजूत होती. सरांनी ती कधी दूर केली नाही.

"कशाला तसदी द्यायची त्याला?" असं म्हणायचे. "समजावून सांगायला गेलो तर ट्यूबा द्यायचा बंद व्हायचा."

सर आम्हाला एम.एस्सी.ला क्वांटम मेकॅनिक्स शिकवायचे. ते स्वतः वालूरचे. विद्यार्थ्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, का ते मुद्दामच ठेवत नसत कोण जाणे, पण हजेरी ते गावांच्या नावानं घ्यायचे. मी बोरी. माझ्याशेजारी बसणारा वर्गमित्र चारठाणा. पहिल्या दिवशी "बोरी?" अशी हाक आली तेव्हा मला वाटलं, गावाबद्दल काही चौकशी आहे. मी उभी राहिले आणि घाबरून म्हणाले, "सर, जिंतूर तालुक्यातलं." सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. "मालूम हाय. बस," एवढंच म्हणाले.

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, मी मामाकडे राहून शिकले. त्यामुळे कॉलेजात कुणाशी कसं बोलावं याचा मला कायम धाक असे. सरांबद्दल लिहितानाही तो अजून गेलेला नाही. मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

जे काही थरथरतं त्यावर सरांना तळहात ठेवल्याशिवाय राहवत नसे. एस.टी.च्या खिडकीची काच, पिठाच्या गिरणीची भिंत, पाण्याच्या टाकीचा पाइप. गिरणीसमोरून जाताना ते थांबायचे, भिंतीला हात लावायचे आणि तोंडातल्या तोंडात त्याच सुरात गुणगुणायचे. दळण घेऊन आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. गिरणीवाला आतून ओरडायचा, "सर, आज बरोबर हाय का?" सर मान हलवून पुढं जायचे.

'स्थिर' हा शब्द त्यांना चालत नसे. वर्गात कुणी म्हटलं, "सर, हा रेणू स्थिर आहे," की खडू खाली ठेवत.

"स्थिर काही नसतं बाबा. स्थिर म्हणू नको. ढकललं तर परत येतं का, ते सांग."

मग ते स्टूल ढकलत, फळा ढकलत, कधी चारठाण्याला खांद्यानं ढकलत. परत आला तर, "बघा. ह्याला खालची जागा सापडली हाय." नाही आला तर, "हा उंचवट्यावर उभा होता. नुसता ऐटीत."

सरांचं सगळं आयुष्य साध्या आयनांची कंपनं मोजण्यात गेलं. मोजण्यात म्हणजे गणितानं काढण्यात. प्रयोगशाळा आमच्याकडे नव्हतीच तसली. आयन म्हणजे इलेक्ट्रॉन हरवलेला अणू किंवा रेणू. असा आयन सतत हलत असतो, त्यातले अणू जवळ येतात, लांब जातात. प्रत्येक हालचालीची स्वतःची एक ठरलेली लय असते, आणि त्याच लयीचा प्रकाश तो गिळतो. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. कोणत्या लयीचा, हे समीकरण सोडवून आधीच सांगता येतं. मग लांब कुठंतरी एखाद्या प्रयोगशाळेत तो प्रकाश सोडून पाहतात, आयन तो खरंच गिळतो का.

सरांचा आवडता आयन तीन हायड्रोजनांचा. तिघं त्रिकोणात, आणि तिघांत मिळून दोनच इलेक्ट्रॉन. "तिघात दोन भाकरी. म्हणून सोडून जात न्हाईत एकमेकाला," असं सर सांगायचे.

या त्रिकोणासाठीच त्या ट्यूबा होत्या. कॉलेजच्या मागं लिंबाच्या झाडाखाली सर मला, चारठाण्याला आणि हाताशी सापडेल त्या तिसऱ्या कुणाला चपला काढून उभं करायचे, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत ट्यूबांची टोकं द्यायचे आणि एकेक हालचाल करायला लावायचे. आधी सगळ्यांनी एकदम मागं, मग एकदम पुढं, श्वास घेतल्यासारखं. मग दोघांनी जवळ यायचं आणि तिसऱ्यानं लांब जायचं. शेजारच्या कॉमर्सच्या इमारतीतून पोरं शिट्ट्या मारायची.

"मारू द्या," सर म्हणायचे. "तुमी तिघं सारखा श्वास घ्यायलाव, ही हालचाल बाहेरून दिसतच न्हाई. प्रकाशाला पण दिसत न्हाई. ती ज्याची त्यानं आतून ओळखायची."

ट्यूब ताणली की ती परत ओढते, ती ओढ हाताला कळली पाहिजे, मगच कागदावरच्या आकड्याला हात लावायचा, असा त्यांचा नियम. त्यांच्या हाताखाली प्रकल्प करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंधाच्या शेवटी एक वाक्य लिहावं लागे: 'यातली प्रत्येक हालचाल मी स्वतः ढकलून पाहिली आहे.' ते वाक्य असल्याशिवाय सर सही करत नसत.

आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना एके दिवशी सर विभागात पेढे घेऊन आले. त्यांच्या नातवंडाचा वाढदिवस असेल असं आम्हाला वाटलं. पण त्यांना एक ई-मेल आला होता. परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं तीन हायड्रोजनांच्या त्या त्रिकोणाला हेलियमचा एक अणू चिकटवला होता आणि त्याची कंपनं कुठं शोधायची हे त्यांना हवं होतं. सरांनी फार पूर्वी नेमका हाच हिशेब केला होता. तो लेख कुणी वाचला असेल असं सरांनाही वाटत नव्हतं. आता ते लोक सरांचा आकडा मागत होते, त्या आकड्याच्या आसपास प्रकाश सोडून पाहणार होते.

"इतकी वर्षं झाली," पेढा माझ्या हातावर ठेवत सर म्हणाले, "कुणी विचारलं न्हवतं गं बोरी."

त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते.

मला त्यांनी तोच आयन दिला. साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन घालून त्यांच्याच प्रोग्रामवर पुन्हा सगळी कंपनं काढायची. काम सोपं होतं, वेळखाऊ होतं. आकडे आले. मग नियमाप्रमाणे लिंबाखाली एकेक हालचाल करायला आम्ही गेलो, आणि एका हालचालीशी अडलो.

सरांच्या मांडणीत हेलियम तीन हायड्रोजनांच्या बरोबर मध्यावर, वर होता. हा अणू कुणाशीच संसार मांडत नाही, म्हणून सर त्याला 'हे गृहस्थ' म्हणायचे. "तीन दगडांची चूल, आणि वर भगुनं. हे गृहस्थ भगुन्यासारखे वर बसलेले," असं ते सांगत. ते चित्र मला फार आवडलं होतं. पण भगुनं आडवं सरकतं ती हालचाल करायची कशी? तिघांच्या डोक्यावर चौथा कोण उभा राहणार?

"ती सोड," सर म्हणाले. "आजपर्यंत कुणाला जमली न्हाई. चूल डोळ्यापुढं आण, झालं."

मी सोडली. पण प्रबंध टाइप करताना ते शेवटचं वाक्य आलं. प्रत्येक हालचाल मी स्वतः ढकलून पाहिली आहे. माझ्याच्यानं ते लिहवेना. खरं सांगायचं तर त्यात हुशारी काही नव्हती, भीती होती. सरांनी तोंडी परीक्षेत विचारलं, "ही ढकलली का?" तर खोटं कसं बोलायचं?

म्हणून मी ती आकड्यांत ढकलली. हेलियम मधून केसभर बाजूला ठेवला आणि ऊर्जा काढली. तो तळाशी असेल, तर ऊर्जा वाढायला हवी होती. ती कमी झाली. माझंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. अजून थोडा सरकवला, अजून कमी झाली. चुलीवरून भगुनं घसरत होतं. घसरत घसरत ते एका हायड्रोजनच्या बाहेरच्या बाजूला, तिघांच्याच पातळीत, जमिनीवर जाऊन टेकलं. तिथून ढकललं, तर परत आलं.

म्हणजे सरांचे गृहस्थ इतकी वर्षं उंचवट्यावर बसलेले होते.

मग त्यांच्या प्रोग्रामनं हे सांगितलं कसं नाही? अणू उंचवट्यावर असला, की गणितात वर्गमुळाच्या आत उणे संख्या येते आणि प्रोग्राम अडून बसतो. मी ओळ न् ओळ वाचत गेले. वर्गमूळ काढायच्या आधी एक छोटी ओळ होती, उण्याचं अधिक करणारी. प्रोग्राम अडलाच नव्हता. नसलेल्या कंपनाला त्यानं एक छान आकडा दिला होता. तोच आकडा सरांनी त्या प्रयोगशाळेला पाठवला होता.

मी चारठाण्याला दाखवलं. त्याचा चेहरा उतरला.

"अगं, सही झाली का तुझ्या प्रबंधावर?"

"न्हाई."

"मंग आधी सही घे. नंतर सांग, न्हाईतर नको सांगू. दोन महिन्यांनी रिटायर व्हायलेत ते. हायड्रोजनला काय फरक पडायलाय?"

"ते लोक तिथं शोधायलेत ना पण."

"शोधू दे. सापडलं न्हाई तर गप बसतील."

मी शनिवारी गावाकडं गेले. आई-वडील नुकतेच कारखान्यावरून परतले होते. जेवताना आईनं ओळखलं.

"काय झालं? भाकर चिवडायलीस नुसती."

"आमच्या सरांचं एक चुकलंय."

"मंग सांग की."

"कसं सांगू? ते सर हायत."

"तुझ्या बापाला मी रोज सांगते. त्यानं काय जीव दिला का?"

बाजेवरून वडील म्हणाले, "जीव न्हाई दिला. पण ऐकतो तरी कुठं?"

आई हसली नाही. तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "पोरी, दुसऱ्या कुणाकून कळलं तर त्यायला बरं वाटंल का?"

सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले. सर खिडकीच्या गजावर हात ठेवून उभे होते, बाहेर बोअर पाडायची गाडी चालू होती. मी कागद टेबलावर ठेवला. बोलायचं म्हणून जे पाठ केलं होतं ते सगळं विसरले.

"सर, मी ती हालचाल ढकलली. चुलीवरची."

"कशी?"

"आकड्यात."

सर खुर्चीवर बसले. चष्मा शोधू लागले, तो कपाळावरच होता. मी सांगितल्यावर त्यांनी तो खाली ओढला.

"किती ढकललंस?"

"थोडंच सर. केसभर."

"मंग?"

"ऊर्जा कमी झाली."

"अजून ढकलायचं."

"ढकललं सर."

"परत आलं का?"

"नाही सर."

बाहेरची गाडी मध्येच बंद पडली, पुन्हा सुरू झाली. सर कागदावर बोट ठेवून एकेक आकडा वाचत होते. मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"प्रोग्राम थांबला कसा न्हाई मंग?"

मी ती ओळ दाखवली. सरांनी पडद्यावर त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं.

"ही माझीच हाय," ते म्हणाले. "मी पीएच.डी. करायचो तवा सगळ्या विद्यापीठात एक मशीन. हुजूर एकदा अडून बसले की परत नंबर लागायला आठवडा जायचा. अडू नये म्हणून लावली होती ही. काढणार होतो."

थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "काढणार होतो गं."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. फोन उचलला आणि माझ्यासमोरच त्या प्रयोगशाळेला लावला. सरांचं इंग्रजी सावकाश होतं, एकेक शब्द जागेवर ठेवल्यासारखं. मी दिलेला आकडा चूक आहे. तिथं शोधू नका. चूक माझी आहे, माझ्या प्रोग्रामची नाही. माझ्या विद्यार्थिनीला सापडली. नवा आकडा पाठवतो. पलीकडचा माणूस काहीतरी बोलला. सर म्हणाले, "येस. आय अॅम शुअर." फोन ठेवला आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.

"भूक लागली," थोड्या वेळानं म्हणाले. "चल, भजी खाऊ."

चारठाणा बाहेर दारापाशीच उभा होता. त्यानं नजरेनं विचारलं. सर म्हणाले, "तू पण चल. ऐकलंस ना सगळं?" टपरीवर तिघांत एक प्लेट भजी घेतली. सरांनी थरथरणाऱ्या फ्रिजवर तळहात ठेवला होता. गुणगुणले मात्र नाहीत.

पुढचे दिवस आम्ही नव्यानं सगळं केलं. हेलियमला त्याच्या खऱ्या जागी ठेवलं. आता लिंबाखाली चौघं उभे राहिलो, चौघं जमिनीवर, आणि हेलियम व्हायला पहिल्यांदाच जागा मिळाली. सर स्वतः हेलियम झाले. बाकी तिघांपासून लांब, एकाच ट्यूबेनं कसेबसे बांधलेले. चारठाणा हळूच म्हणाला, "सर, तुमी तर चुलीवरून खाली आलाव." मला वाटलं, आता काय होतं. सर म्हणाले, "हां. खाली लय गार हाय." आणि पहिल्यांदा हसले.

माझ्या प्रबंधावर सही करताना ते शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. नवे आकडे निवृत्तीच्या आठवड्यात त्या प्रयोगशाळेला गेले.

निरोपाचा कार्यक्रम सभागृहात झाला. शाल, नारळ, भाषणं. सर किती मोठे, किती अचूक, वगैरे. मग सर उठले. शाल अंगावर तशीच.

"माझ्याबद्दल इतके जण बोलले. आता खरं काय ते मी सांगतो," असं म्हणून त्यांनी आम्हा तिघांना वर बोलावलं. बोरी, चारठाणा आणि पहिल्या वर्षातला एक मुलगा. तिघांच्या मुठी एकमेकींना लावून वर धरायला सांगितल्या, आणि सत्काराचा नारळ त्यांच्यावर ठेवला. खाली स्वतःचा तळहात धरला.

"बसलाय ना?" त्यांनी सभागृहाला विचारलं. कुणीतरी "हो" म्हणालं.

"मी पण असंच म्हणत होतो. आख्खी नोकरी झाली. लेख छापला, पेढे वाटले. आणि खालून हा हात लावून ठेवला होता. लावलाय हे पण विसरून गेलो."

त्यांनी हात काढला. एका बोटानं नारळाला जरासं ढकललं. नारळ आमच्या मुठींवरून घसरला, स्टेजवर आपटला आणि गडगडत प्राचार्यांच्या बुटापाशी जाऊन थांबला. प्राचार्य घड्याळ बघत होते, दचकले. मागच्या रांगांतून हसू आलं.

सर थांबले. हसू विरलं.

"पोरांनो, ढकलून बघत जा. तुमच्या सरांचं असलं तरी."

एवढंच बोलून ते खाली आले. नारळ त्यांनी स्वतः उचलला आणि पिशवीत, ट्यूबांवर ठेवला.

निवृत्तीनंतर सर वालूरला जाऊन राहिले. मी पुढच्या शिक्षणासाठी लांबच्या शहरात आले. अधूनमधून फोन व्हायचा. ते विचारायचे, "सापडलं का त्यायला?" मी म्हणायचे, "अजून नाही सर. शोधायलेत." "कुठं शोधायलेत?" "आपल्या नव्या आकड्यापाशी." "मंग ठीक हाय," म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. मी वालूरला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. ओसरीत बायका बसल्या होत्या. मुलीनं आतून ती पिशवी आणली.

"बाबा शेवटी शेवटी म्हणायचे, ही बोरीला द्या. आमी बोरीत कोण नातेवाईक हाय ते आठवायलो. मंग तुमचा नंबर दिसला, बोरी म्हणून लिहिलेला."

मी पिशवी घेतली. नारळ त्यात नव्हता, ट्यूबा होत्या. काही ताठरल्या होत्या, काहींत अजून ओढ आहे.

त्या आयनानं प्रकाश गिळल्याची रेषा अजून सापडलेली नाही. मी आता दुसऱ्या एका आयनावर काम करते, पण प्रोग्राम सरांचाच वापरते. इथले लोक म्हणतात, तो फार जुना झाला. उण्याचं अधिक करणारी ती ओळ सरांनी त्या दिवशी भजी खाऊन आल्यावर काढून टाकली होती. तिच्या जागी काही लिहिलंय हे मला माहीत नव्हतं. तेव्हापासून माझा हिशेब कधी अडलाच नव्हता.

परवा दुपारी तो अडला. पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी उमटलं: 'थांबलो आहे. बाहेर जाऊन ढकलून बघा.'

मी उठले. मग पिशवी घेतली. शेजारच्या खोलीत दोन नवी मुलं बसली होती, त्यांना म्हटलं, जरा मागच्या अंगणात या. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. आली. मी चपला काढायला सांगितल्या, ट्यूबांची टोकं हातांत दिली. त्यातला एक जण ती ट्यूब उलटसुलट करून बघत होता, हसावं की नाही त्याला कळत नव्हतं.

मी त्याला विचारलं, "गाव कोणतं तुझं?"